पत्त्याचा रकाना

अर्जाचा मसुदा मीच करायचा होता.
ट्रेझरीत तेहतीस वर्षं काढलेली, आक्षेपाची भाषा
हाताच्या सवयीची: सबब, उपरोक्त, न्याय्य नाही.
मुद्दा एकच. घरपट्टीतला ग्रंथालय उपकर,
फ्लॅटमागे वर्षाला सहाशे बारा रुपये,
रद्द व्हावा;
कारण आमच्या सोसायटीतलं कुणीही
नाग नदीपलीकडच्या त्या वाचनालयात जात नाही.

नासरे साहेब म्हणाले होते,
"आपल्या क्लबहाउसात आहे ना लायब्ररी."
आहे. काचेचं कपाट, तीन रांगा,
सगळी पुस्तकं एका उंचीची, आणि किल्ली
कुणाकडे आहे ते कुणालाच आठवत नाही.
"त्यांचं वाचन आपण का पोसायचं?"
टाळ्या नाही पडल्या. पण समोसे आले
तेव्हा सगळ्यांनी मान हलवतच घेतले.

आकडा हवा होता. पुराव्याशिवाय आक्षेप
म्हणजे नुसती कुरकुर.
म्हणून मे महिन्यात, सकाळी साडेदहाला,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी पूल ओलांडला.
कठड्यावर पुराची रेघ अजून आहे.
त्या रात्री नदीनं दोन्ही काठांकडून
सारखीच वसुली केली होती.

वाचनालयात एक कूलर. खस गेल्या सालची,
पाणी सोडलं की गोणपाटाचा वास.
त्याच्या झोतातल्या सहा खुर्च्यांसाठी
पोरं सातपासून दारात बसतात;
उरलेली भिंतीला टेकून, मांडीवर
तलाठी परीक्षेचं गाइड,
एका गाइडात दोन डोकी.
ग्रंथपाल सुकेशिनी खोब्रागडे म्हणाल्या,
"रजिस्टर पाहाचं आहे? पाहा ना बाप्पा.
आजपर्यंत कोणी आलंच नाही पाहाले."

बोटाला थुंकी न लावता पानं उलटली, जुनी शिस्त.
नाव. वय. पत्ता.
आणि पत्त्याच्या रकान्यात
आमची सोसायटी.

पुढच्या पानावर पुन्हा.
'गेट नंबर दोन, केबिन.'
'बी विंग, पार्किंगमागची खोली.'
'मार्फत ९०४.' ९०४ म्हणजे नासरे.
एकोणीस सभासद.
उईके चौकीदाराची सोनल,
इस्त्रीवाल्याचे दोघं भाऊ,
आणि यमुना, जी माझ्याकडे
अकरा वर्षं भांडी घासते,
वय बावन्न, सही अजून थरथरती,
दर शनिवारी एक पुस्तक.
मला तिनं कधी सांगितलं नाही.
शनिवारी लवकर का जातेस,
हे मीही कधी विचारलं नाही;
एकदा फक्त पगारातून पन्नास कापले होते.

आकडा तो आकडा. मसुद्यात घातला,
मीटिंगमध्ये वाचला.
"ते रहिवासी नाहीत," नासरे साहेब म्हणाले,
"ते कर भरत नाहीत."
मी म्हटलं, पत्ता तर आपलाच आहे.
मागून कुणी म्हणालं,
मग तोही बंद करा, परवानगीशिवाय देतात कसा?

ठराव मंजूर, सत्तावीस विरुद्ध चार.
माझा हात वर जायला जरा उशीर झाला.
तो चारांत धरला की नाही
हे मीच लिहिलेल्या इतिवृत्तात
नीट कळत नाही.

आज शनिवार. मोरीत भांडी
घाईघाईनं वाजतायत.
अर्ज टेबलावर, त्यावर शिक्का,
शिक्क्याखाली माझ्या सहीची जागा.
"यमुना, सध्या कोणतं वाचतेस?"
ती नळ बंद करते.
हात पदराला पुसते, दोन्ही बाजूंनी,
आणि माझ्याकडे अशी पाहते
जसं आम्ही ट्रेझरीत
ऑडिटला आलेल्या माणसाकडे पाहायचो.